किल्ली बरोबर, तरी कुलूप उघडेना

हिजरी सन 8, म्हणजे इसवी सन 630. मक्का मुसलमानांच्या ताब्यात आलं, तेव्हा काबागृहाची किल्ली उस्मान बिन तल्हा यांच्याकडे होती. ती मागवली गेली, दार उघडलं गेलं आणि मग पैगंबरांनी (स.) ती पुन्हा त्यांच्याच हवाली केली. सूरह निसाची 58वी आयत अमानत ज्याची त्याला पोचती करण्याविषयी आहे. अनेक भाष्यकार ती याच प्रसंगाशी जोडतात. आजही काबागृहाची किल्ली त्याच घराण्याकडे, बनू शैबाकडे आहे.

ती किल्ली हातात धरता येते, वारसाला देता येते. संगणकाची किल्ली मात्र डोक्यात राहते आणि बोटांतून उतरते. या दोन्हींच्या मधे कळफलक असतो, आणि बहुतेक घोटाळे तिथंच होतात.

आमचं हिंगणी हे सेलू तालुक्यातलं, बोर धरणाच्या वाटेवरचं गाव. इथल्या एका ओळखीच्या शिक्षकांनी जुनी खरेदीखतं, निकाहनामे आणि हातानं लिहिलेल्या वंशावळ्या यांचे फोटो काढून लॅपटॉपवर ठेवले होते. काही मूळ कागद वाळवीनं केव्हाच संपवलेत. लॅपटॉप चोरीला गेला तर लोकांचे खासगी कागद परक्याच्या हाती पडू नयेत, म्हणून त्यांनी लिनक्स टाकताना सगळी डिस्क एन्क्रिप्ट करून घेतली. लॅपटॉप कधी पूर्ण बंद होत नसे, नुसतं झाकण लावलं जायचं. एके दिवशी लाइट गेली, बॅटरी उतरली आणि मशीन पहिल्यापासून सुरू झालं. काळ्या पडद्यावर पासवर्ड मागितला गेला. त्यांनी तो टाकला. नकार. पुन्हा टाकला, पुन्हा नकार. जो येईल तो सांगायचा, ‘फॉरमॅट मारा, दुसरा इलाज नाही.’

फॉरमॅट मारलं असतं तर तीन पिढ्यांचे पुरावे गेले असते. ज्यांच्या घरी जुना कागद हाच आधार असतो, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

अशा कुलपाची भीती अगदी खरी आहे. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदींनी गुप्त लिपी फोडण्यावर रिसाला लिहिला. भाषेत कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजा, मग सांकेतिक मजकुरातली चिन्हं मोजा आणि दोन्ही जुळवा, ही त्यांची रीत. या विषयावरचं आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं लिखाण तेच मानलं जातं. इंग्रजीतला ‘सायफर’ हा शब्दही अरबी ‘सिफ्र’वरून आला, आणि सिफ्र म्हणजे आपलं शून्य. पण 2001 मध्ये प्रमाण ठरलेल्या एईएस पद्धतीत मोजण्याजोगा माग उरत नाही. किंदींची युक्ती तिथं चालत नाही. म्हणजे किल्ली खरोखर हरवली, तर ते कागद कायमचे गेले.

म्हणून आधी एवढंच पाहायचं असतं, की किल्ली खरंच हरवली आहे का.

सुरुवातीच्या त्या काळ्या पडद्यामागे पूर्ण संगणक जागा झालेला नसतो. सगळी प्रणाली कुलूपबंद डिस्कच्या आत असते. बाहेर असतो फक्त एक छोटा गाठोडा, ज्यात डिस्क उघडण्यापुरतं सामान बांधलेलं असतं. कळफलकाची मांडणीही त्या गाठोड्यातलीच वापरली जाते. आणि कळफलक अक्षर पाठवत नाही, कोणती कळ दाबली एवढंच सांगतो. त्या कळीचं अक्षर कोणतं, ते मांडणी ठरवते.

मराठी माणसाला हे नवीन नाही. 1897 मध्ये मुंबईत कुलपं बनवत सुरू झालेल्या गोदरेजनं 1955 मध्ये टंकलेखन यंत्र काढलं. पुढं टंकलेखनाच्या वर्गांतून कित्येकांची बोटं रेमिंग्टन मांडणीवर तयार झाली. 1986 मध्ये सरकारनं इन्स्क्रिप्ट ठरवली, 1991 मध्ये ती भारतीय मानकात आली. इन्स्क्रिप्टमध्ये ‘क’ हा इंग्रजी ‘के’च्या कळीवर, रेमिंग्टनमध्ये ‘डी’च्या. अक्षर एक, जागा दोन.

शिक्षकांच्या लॅपटॉपवर हेच झालं होतं. पासवर्ड ठेवला तेव्हा मांडणी अमेरिकन इंग्रजी होती. मध्यंतरी कुणीतरी मूळ सेटिंगमध्ये ब्रिटिश इंग्रजी निवडली आणि पुढच्या अपडेटला तीच गाठोड्यात बांधली गेली. त्यांच्या पासवर्डात ‘ॲट’चं चिन्ह होतं. अमेरिकन मांडणीत ते शिफ्ट आणि 2 वर येतं, ब्रिटिशमध्ये तिथं दुहेरी अवतरण उमटतं. पडद्यावर काहीच दिसत नसल्यानं कळायला मार्ग नव्हता. ‘एंटर’जवळच्या अवतरणाच्या कळीसोबत शिफ्ट दाबलं आणि डिस्क उघडली.

तुमच्यावर ही वेळ आली तर घाई करू नका. लिनक्सच्या लुक्स पद्धतीत चुकीच्या प्रयत्नांनी डिस्क पुसली जात नाही. कॅप्स लॉक आणि नम लॉक पाहा. आकडे वरच्या ओळीतून टाका. ब्लूटूथ कळफलक इतक्या लवकर जोडला जात नाही, तारेचा लावा. तरी जमलं नाही तर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा, मांडणी बदलून आधी साध्या खिडकीत पासवर्ड उमटवून डोळ्यांनी पाहा आणि मग तिथून डिस्क उघडा. व्हेराक्रिप्टनं विंडोजची मूळ डिस्क कुलूपबंद केली असेल, तर सुरुवातीला अमेरिकन मांडणीच गृहीत धरा. बिटलॉकर असेल तर 48 आकडी रिकव्हरी की शोधा.

आणि या पासवर्डात देवनागरी टाळा. मराठीवर प्रेम असलं तरी. ‘दऱ्या’मधला ‘ऱ्य’ दोन वेगळ्या प्रकारे टंकता येतो. डोळ्याला दोन्ही सारखेच, पण यंत्राला आतले संकेत वेगळे दिसतात, आणि जवळपास बरोबर असा पासवर्ड नसतो.

लुक्समध्ये तुमचा पासवर्ड थेट डिस्कला लागत नाही. तो एका पेटीला लागतो, आणि डिस्कची खरी किल्ली त्या पेटीत असते. जुन्या आवृत्तीत अशा 8 पेट्या मिळतात, नव्या आवृत्तीत 32 पर्यंत. प्रत्येकीला वेगळा पासवर्ड चालतो. म्हणून दुसरा पासवर्ड आजच तयार करा, कोणत्याही मांडणीत फारशा न हलणाऱ्या अक्षरांचा आणि आकड्यांचा, लांबलचक. तो कागदावर लिहा, लिफाफा बंद करा आणि घराबाहेरच्या भरवशाच्या माणसाकडे अमानत म्हणून ठेवा. पेट्या ज्या भागात असतात त्या हेडरची प्रतही वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या. तो भाग बिघडला तर बरोबर पासवर्डही काही करू शकत नाही.

शिक्षकांचा लिफाफा आता गावातल्याच एका कपाटात आहे. कोणाच्या, ते त्या दोघांनाच ठाऊक.