अल्पखर्ची प्रवास : उरलेला खर्च कोणाचा?

प्रवासवर्णनाच्या चिकित्सेत प्रवासी काय पाहतो याचा विचार पुष्कळ झालेला आहे. तो जेवतो कोणाकडे, निजतो कोठे आणि त्याचे मोल कोण चुकते करतो, याचा त्या मानाने अल्पच. तुटपुंज्या रकमेवर अनेक देश ओलांडणाऱ्या प्रवाशाच्या लेखनाबाबत मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. प्रवास स्वस्तात झाला तरी त्याचा उरलेला खर्च कोणावर तरी पडतोच. त्या ‘कोणा’ला संहितेत काय स्थान मिळते, या कसोटीवर विसाव्या शतकातील तीन पुस्तके एकत्र वाचण्याजोगी आहेत.

धर्मानंद कोसंबी १८९९च्या अखेरीस गोव्यातील घर सोडून निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी असा संस्कृत अध्ययनाचा मार्ग आक्रमून १९०२ साली ते नेपाळात गेले आणि तेथील बौद्ध धर्माच्या अवस्थेने निराश होऊन बोधगयेमार्गे सिंहलद्वीपास पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात त्यांनी श्रामणेर-दीक्षा घेतली. पुढे ते ब्रह्मदेशात गेले. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रात हा प्रवास आला आहे. श्रामणेराच्या दहा शीलांपैकी अखेरचे शील सोनेरुपे न स्वीकारण्याचे. तेव्हा द्रव्याचा अभाव हा येथे व्रताचाच भाग ठरतो. परंतु व्रतस्थालाही अन्न लागते. अन्नछत्रे, विहार, भिक्षा घालणारी कुटुंबे या व्यवस्थेने विद्यार्थ्याचा आणि पांथस्थाचा भार शतकानुशतके वाहिला होता. त्या व्यवस्थेला अटीही होत्या. छत्रातील पंगतीला जात विचारली जाई. ‘निवेदना’त साहाय्यकर्ते बहुधा नावानिशी आणि स्वभाववैशिष्ट्यांसह येतात. घेतलेल्या ऋणाची नोंद ठेवणारा माणूस हाच या पुस्तकाचा निवेदक आहे.

अर्धशतकानंतर युरोपातून पूर्वेकडे निघालेल्या तरुणांना असा परंपरागत आश्रय नव्हता. स्विस लेखक निकोला बूव्हिए जून १९५३मध्ये जिनीव्हाहून निघाला; चित्रकार मित्र तिएरी व्हेर्ने त्याला बेलग्रेडला भेटला. लहानशा फियाट मोटारीतून युगोस्लाव्हिया, तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान असे करीत दोघे अफगाणिस्तानात पोहोचले. पैसा वाटेतच मिळवायचा : बूव्हिएने फ्रेंच शिकवावे, लेख लिहावेत, व्हेर्नेने चित्रे विकावीत. बर्फामुळे त्यांचा तब्रीझमधील मुक्काम हिवाळाभर लांबला. पुढे क्वेट्ट्यात हॉटेलच्या नोकराने त्या हिवाळ्यातील लिखाण रद्दी समजून टाकून दिले आणि बूव्हिएला ते उकिरड्यावर धुंडाळावे लागले. हे पुस्तक, ‘ल्यूझाज द्यू मोंद’, १९६३ साली लेखकाच्याच खर्चाने निघाले. येथे दारिद्र्याचे कार्य प्रवास संथ करण्याचे आहे. पैसा नाही म्हणून थांबावे लागते. थांबल्यामुळे शेजार घडतो. यजमान हा शेजारी, विद्यार्थी किंवा गिऱ्हाईक म्हणून भेटतो. उभयतांमध्ये देवघेव असते आणि ती पुष्कळशी बरोबरीची असते.

१९६०नंतर इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली, काठमांडू हा मार्ग हजारो तरुणांचा झाला. त्याची एक शाखा हणजुण्याच्या किनाऱ्यावर संपत असे. म्हणजे ज्या गोव्यातून कोसंबी बाहेर पडले, तोच आता इतरांच्या भ्रमंतीचा शेवट ठरला. १९७२ साली टोनी आणि मॉरीन व्हीलर हे दाम्पत्य लंडनहून जुन्या मोटारीतून निघाले, काबूलला ती विकून पुढे गेले आणि वर्षअखेरीस सिडनीला पोहोचले. १९७३ साली त्यांनी स्वतः काढलेले ‘अक्रॉस एशिया ऑन द चीप’ हे चोपडे म्हणजे ‘लोन्ली प्लॅनेट’ प्रकाशनाचा आरंभ. मार्गदर्शिकेत निवेदक मागे सरतो आणि वाचक हाच भावी प्रवासी होतो; त्याला काय, कोठे, कितीला हे कळले पाहिजे. या लेखनाने प्रवास धनिकांच्या आणि सहल-कंपन्यांच्या हातून सोडवला, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु त्यात यजमानाची जागा दराने घेतली. खोलीचे भाडे आणि एखादे विशेषण एवढेच त्याचे अस्तित्व उरले. पैसे चुकते केलेला प्रवासी कोणाचा ऋणको राहत नाही. वास्तविक तो दर त्याला परवडे तो दोन चलनांमधील तफावतीमुळे. ही तफावत म्हणजेच काबूलच्या वा दिल्लीच्या खानावळवाल्याने न कळत भरलेला हिस्सा होय. मार्गदर्शिकेच्या रचनेत त्याची नोंद करण्यास जागा नसते.

हाच रस्ता उलट दिशेने चालू पाहणाऱ्याचा विचार केला म्हणजे मुद्दा अधिक स्पष्ट होतो. ज्या वर्षी हे चोपडे निघाले, त्याच १९७३ साली भारतात परकीय चलन नियमन कायदा संमत झाला. पुण्यामुंबईच्या तरुणाला युरोपात नेण्यापुरते चलन मिळवणे हेच दुष्कर होते. आशिया स्वस्त होता तो येणाऱ्यासाठी; जाणाऱ्याला युरोप महागच पडे.

१९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली आणि वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरले. हा मार्ग हौशी प्रवाशांना बंद झाला. पुढील दशकात लक्षावधी अफगाण माणसे पाठीवर बोचकी घेऊन पाकिस्तानात आणि इराणात गेली. तुटपुंज्या पैशात सरहद्दी ओलांडणे हे वर्णन त्यांनाही अक्षरशः लागू पडते. मात्र त्यांच्या चालण्याला प्रवास म्हणण्याची रीत नाही. कालपर्यंत जे यजमान होते ते वाटेला लागले, तेव्हा त्यांना कोठे काय कितीला मिळेल हे सांगणारे चोपडे कोणी काढले नव्हते. प्रवासवर्णनाचा इतिहास लिहिताना पुस्तकांच्या यादीइतकीच ही अनुपस्थितीही विचारात घ्यावी लागेल.