लू बूद्रो : मैदानात उभे राहून संघ चालवणारा मॅनेजर

१/ नोव्हेंबर १९४१. क्लीव्हलँड इंडियन्स या अमेरिकी बेसबॉल संघाचे मॅनेजरपद रिकामे झाले. संघाच्याच एका खेळाडूने मालक अल्वा ब्रॅडली यांना पत्र लिहून त्या पदासाठी अर्ज केला. अर्जदाराचे वय अवघे २४. नाव लू बूद्रो. अर्ज मंजूर झाला.

२/ क्रिकेटमध्ये मैदानावरचे निर्णय कर्णधार घेतो. बेसबॉलमध्ये पिचर कधी बदलायचा, क्षेत्ररक्षण कसे लावायचे, हे मॅनेजर ठरवतो आणि तो सहसा बाकावर बसलेला असतो. बूद्रो होता शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधील क्षेत्ररक्षक. इनफिल्डमधील ही सर्वांत कष्टाची जागा. ती सांभाळतच त्याला संघ चालवायचा होता.

३/ खेळाडू म्हणून त्याची गुणवत्ता निर्विवाद होती. जो डिमॅजिओची सलग ५६ सामन्यांतील फटक्यांची विक्रमी मालिका १७ जुलै १९४१ रोजी क्लीव्हलँडमध्येच खंडित झाली. त्या रात्री डिमॅजिओच्या अखेरच्या फटक्यावर चेंडू विचित्र उसळला. तो अडवून दोघांना बाद करण्याची सुरुवात बूद्रोने केली. तो त्याचा २४ वा वाढदिवस होता.

४/ मॅनेजर म्हणून मात्र यश लवकर आले नाही. आठ संघांच्या अमेरिकन लीगमध्ये पहिल्या सहा हंगामांत क्लीव्हलँड तिसऱ्या क्रमांकाच्या वर गेला नाही. त्याच काळात, १९४४ मध्ये, .३२७ सरासरीसह बूद्रो लीगचा सर्वोत्तम फलंदाज ठरला. खेळाडू पुढे आणि मॅनेजर मागे, असे चित्र होते.

५/ कल्पकता मात्र होती. जुलै १९४६ मध्ये बोस्टन रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सने एकाच सामन्यात ३ होम रन ठोकले. त्याच दिवशीच्या दुसऱ्या सामन्यात बूद्रोने जवळजवळ सारे क्षेत्ररक्षक मैदानाच्या उजव्या बाजूस हलवले, कारण डावखुऱ्या विल्यम्सचे फटके तिकडेच जात. ही व्यूहरचना ‘बूद्रो शिफ्ट’ म्हणून प्रसिद्ध झाली.

६/ नवे मालक बिल वीक यांना त्याच्या नेतृत्वाविषयी शंका होती. १९४७ च्या हंगामानंतर त्यांनी बूद्रोला सेंट लुईसच्या संघाकडे धाडण्याचा घाट घातला. बातमी फुटली, शहर खवळले आणि वीक यांना माघार घ्यावी लागली. आता बूद्रोला आपली निवड सार्थ ठरवायची होती.

७/ १९४८. संघात लॅरी डोबी होता; आदल्याच वर्षी तो अमेरिकन लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला होता. जुलैमध्ये बेचाळिशीतला सॅचेल पेज आला. हंगाम संपला तेव्हा क्लीव्हलँड आणि बोस्टन रेड सॉक्स बरोबरीत होते. लीगच्या इतिहासात प्रथमच एका निर्णायक सामन्याची वेळ आली.

८/ ४ ऑक्टोबर, फेनवे पार्क, बोस्टन. मॅनेजर बूद्रोने अवघ्या एका दिवसाच्या विश्रांतीनंतर नवख्या जीन बेअर्डनच्या हाती चेंडू दिला. फलंदाज बूद्रोने चारही प्रयत्नांत फटके मारले. त्यांत दोन होम रन. क्लीव्हलँड ८-३ ने जिंकला. पुढे बोस्टन ब्रेव्ह्जला ४-२ असे हरवून वर्ल्ड सीरिजही जिंकली.

९/ त्या वर्षी बूद्रोची सरासरी .३५५ होती आणि ५६० प्रयत्नांत तो केवळ ९ वेळा स्ट्राइकआऊट झाला. लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा सन्मान त्यालाच मिळाला.

१०/ १९५० नंतर क्लीव्हलँडने त्याला मुक्त केले. पुढे बोस्टन, कॅन्सस सिटी आणि शिकागो कब्ज या संघांचा तो मॅनेजर झाला. बोस्टनकडून अगदी थोडे सामने खेळल्यावर उरलेला सारा काळ बाकावरून. क्लीव्हलँडमध्ये ७२८ विजय, ६४९ पराभव. नंतरच्या तीन संघांसह ४३४ विजय, ५७५ पराभव.

११/ ते संघ दुबळे होते, हे खरेच. पण आणखी एक गोष्ट बदलली होती. मॅनेजर बूद्रोपाशी आता शॉर्टस्टॉप बूद्रो नव्हता. वीक यांची शंका अगदीच निराधार नव्हती. मात्र ज्या मॅनेजरला ते काढू पाहत होते, त्याच्याबरोबर लीगमधला सर्वोत्तम शॉर्टस्टॉपही गेला असता.

१२/ १९७० मध्ये बूद्रोची हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली. खेळता खेळता संघ चालवण्याची ती प्रथाही पुढे लोपली. १९८६ मधील पीट रोझनंतर मेजर लीगमध्ये असा खेळाडू-मॅनेजर झालेला नाही. आणि १९४८ नंतर क्लीव्हलँडने अद्याप वर्ल्ड सीरिज जिंकलेली नाही.