पूनालाइट : एका खनिजनामाचा उदय आणि अस्त

खनिजांच्या नामावलीत पुण्याचे नाव एकदा दाखल झाले होते आणि पुढे ते काढून टाकण्यात आले, ही गोष्ट भूविज्ञानाच्या अभ्यासकांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते. इ. स. १८३१ मध्ये हेन्री जेम्स ब्रुक ह्या इंग्रज स्फटिकशास्त्रज्ञांनी पुणे परिसरातून आलेल्या एका तंतुमय, शुभ्र, सुईसारख्या स्फटिकांच्या खनिजास 'पूनालाइट' असे नाव देऊन ते खनिजाची एक नवी जाती म्हणून प्रसिद्ध केले. इंग्रजांनी त्या काळी 'पूना' ह्या नावाच्या शेवटी एक मुका 'ह' लिहिण्याचा जो प्रघात पाडला होता, तो 'ह' देखील ह्या खनिजाच्या मूळ इंग्रजी नावात जसाच्या तसा राहिला. सुमारे पाऊण शतक हे नाव ह्या ना त्या स्वरूपात ग्रंथांतून वावरले. आज ते केवळ पर्यायनामांच्या सूचीत आढळते. ह्या उदयास्ताची कारणे पाहू गेल्यास असे दिसते की, खनिजाची ओळख कशावरून ठरवावयाची ह्या प्रश्नाचे उत्तरच त्या अवधीत दोनदा बदलले, आणि प्रत्येक बदलाबरोबर पूनालाइटचा खटला नव्या न्यायासनापुढे गेला.

पूनालाइट ज्या कुलातील आहे त्या कुलाचा इतिहास प्रथम पाहिला पाहिजे. इ. स. १७५६ मध्ये स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेट ह्यांना असे आढळले की, काही खनिजे फुंकनळीच्या ज्योतीत धरली असता फसफसतात व उकळल्यासारखी दिसतात. त्यांनी ग्रीक शब्दांवरून त्यांस 'झिओलाइट', म्हणजे उकळणारा दगड, असे नाव दिले. ह्या नावात खनिजाच्या घटकांविषयी काहीही सांगितलेले नाही. ज्योतीत त्याचे काय होते एवढेच सांगितलेले आहे. क्रोनस्टेट ह्यांनी हाताळलेले द्रव्य कोणते असावे ह्याविषयी दीर्घकाळ तर्क चालले, आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ते मुख्यत: स्टेलेराइट व काही अंशी स्टिल्बाइट असल्याचा निष्कर्ष काढण्यात आला. नाव देणाऱ्यास आपण कशास नाव देत आहोत हे पुरतेपणी ठाऊक नसते, ह्याचे हे बोलके उदाहरण होय. दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत, लाव्हा थंड झाल्यानंतर खडकांतून झिरपलेल्या उष्ण पाण्यातून, ह्या कुलातील खनिजे विपुल प्रमाणात स्फटिकरूप झालेली आहेत.

फ्रेंच स्फटिकशास्त्राचे प्रवर्तक आऊई ह्यांनी इ. स. १८०१ च्या आपल्या ग्रंथात खनिजाची जाती मुख्यत: त्याच्या मूलकणाच्या भौमितिक आकारावरून ठरते असा सिद्धान्त मांडला. तंतुमय झिओलाइटांपैकी बऱ्याच खनिजांस त्यांनी 'मेसोटाइप' ह्या एकाच नावाखाली आणले. परंतु रसायनशास्त्रज्ञांचे समाधान त्याने झाले नाही. क्लाप्रोट ह्यांनी इ. स. १८०३ मध्ये सोडायुक्त खनिजास 'नॅट्रोलाइट' हे नाव दिले. पुढे फुक्स आणि गेलन ह्या जर्मन संशोधकांनी मेसोटाइपचे आणखी विभाजन केले. ज्यात सोड्याऐवजी चुना आहे व जे ज्योतीत धरले असता अळीसारखे वळवळते, त्यास त्यांनी ग्रीक भाषेतील अळी ह्या अर्थाच्या शब्दावरून 'स्कोलेसाइट' म्हटले. आणि ज्यात सोडा व चुना दोन्ही आहेत, म्हणून जे ह्या दोहोंच्या मध्ये बसते, त्यास इ. स. १८१६ मध्ये 'मेसोलाइट', म्हणजे मधला दगड, असे संबोधिले. (ह्या दोघांपैकी गेलन हे तत्पूर्वीच, १८१५ साली, प्रयोगशाळेत आर्सेनिकयुक्त वायूच्या विषबाधेने मृत्यू पावले होते.)

तीन सख्ख्या भावंडांची ही तीन नावे तीन निरनिराळ्या पद्धतींनी ठेवलेली आहेत. नॅट्रोलाइट हे नाव घटकावरून आले. स्कोलेसाइट हे ज्योतीतील वर्तनावरून आले. मेसोलाइट हे तर स्वत:च्या बळावर उभेच नाही, इतर दोन नावे मान्य केली तरच त्यास अर्थ प्राप्त होतो. मेसोलाइट हे नाव वस्तुत: एक रासायनिक प्रतिपादन आहे. ते प्रतिपादन खरे की खोटे, म्हणजे मधले असे स्वतंत्र खनिज खरोखर आहे की नॅट्रोलाइट व स्कोलेसाइट ह्यांच्या बारीक तंतूंची ती केवळ गुंफण आहे, ह्याबद्दलची शंका शंभर वर्षांहून अधिक काळ टिकून राहिली.

अशा परिस्थितीत ब्रुक ह्यांनी पूनालाइटची भर घातली. ब्रुक हे व्यवसायाने स्पॅनिश लोकरीच्या व्यापारातील गृहस्थ होते. परंतु स्फटिकांच्या कोनांचे मापन हा त्यांचा खरा ध्यास होता आणि त्यात त्यांचा अधिकार सर्वमान्य होता. इ. स. १८२२ मध्ये त्यांनीच हॉयलंड ह्या लंडनमधील खनिजसंग्राहकाच्या नावावरून 'हॉयलंडाइट' हे खनिज स्टिल्बाइटपासून वेगळे काढले, आणि ते विभाजन आजतागायत टिकून आहे. त्यांच्या हाती वोलास्टन ह्यांनी १८०९ साली प्रसिद्ध केलेला परावर्तन-कोनमापक होता. स्फटिकाच्या गुळगुळीत पृष्ठावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या साह्याने दोन पृष्ठांमधील कोन अंशाच्या लहान भागापर्यंत मोजण्याची सोय ह्या उपकरणाने केली. पूर्वी ज्या सूक्ष्म भेदांकडे दुर्लक्ष करणे भाग होते ते आता आकड्यांत सांगता येऊ लागले. प्रत्येक खनिजाचा कोन ठरलेला असतो; म्हणून कोन निराळा तर खनिज निराळे, हा त्या पिढीचा तर्क होता, आणि पूनालाइटचे वेगळेपण ब्रुक ह्यांनी मुख्यत: लोलकाच्या कोनावर उभे केले.

तर्क चुकीचा नव्हता, पण ह्या विशिष्ट कुलात तो धोक्याचा होता. नॅट्रोलाइट, स्कोलेसाइट आणि मेसोलाइट ह्या तिन्ही खनिजांच्या लोलकांचे कोन एक्क्याण्णव अंशांच्या आसपास आहेत. त्यांतील परस्परांचे अंतर अर्ध्या अंशाहूनही कमी भरते. स्फटिक केसासारखे बारीक, पृष्ठांवर उभ्या रेषा, अनेक सुया समांतर जुळून आलेल्या, अशा द्रव्यावर घेतलेल्या मापाला किती वजन द्यावयाचे हा विवेक उपकरण शिकवीत नाही. हॉयलंडाइटच्या बाबतीत ज्या पद्धतीने यश दिले तीच येथे अपुरी पडली.

ह्यानंतर अधिकार कोनमापकाकडून रासायनिक तराजूकडे गेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास खनिज म्हणजे निश्चित घटना असलेला रासायनिक संयोग ही धारणा दृढ झाली, आणि जुन्या नावांची फेरतपासणी सुरू झाली. शुद्ध नॅट्रोलाइटमध्ये सोडा शेकडा १६.३ असतो व चुना नसतो. शुद्ध स्कोलेसाइटमध्ये चुना १४.३ असतो व सोडा नसतो. मेसोलाइटमध्ये सोडा ५.३ व चुना ९.६ असतो. सिलिकेचे प्रमाण मात्र तिहींत शेकडा ४६ ते ४७ च्या आसपासच राहते. अर्थात् सर्व भेद सोडा, चुना व पाणी ह्यांच्या मापनावर अवलंबून आहे. पैकी सोड्यासारख्या अल्कलींचे मापन हे त्या काळच्या पृथक्करणाचे सर्वांत दुर्बल अंग होते. लॉरेन्स स्मिथ ह्यांनी १८७१ साली आपली सुधारित पद्धती प्रसिद्ध करीपर्यंत सिलिकेट खनिजांतील अल्प सोडा निसटणे ही सामान्य गोष्ट होती. आणि मेसोलाइटमधील सोडा निसटला की कागदावर उरणारे खनिज स्कोलेसाइटच्या जवळ जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संदर्भग्रंथांत पूनालाइट हे स्कोलेसाइटच्या सदराखाली ठेवलेले आढळते ते ह्या पार्श्वभूमीवर समजून घेतले पाहिजे.

ह्याच सुमारास सह्याद्रीचे नावही एका खनिजास मिळून गेले. बोरघाटातून लोहमार्ग नेण्याचे काम १८६३ मध्ये पूर्ण झाले. बोगदे व खोदाई ह्यांमुळे उघड झालेल्या झिओलाइटांचे नमुने युरोप-अमेरिकेतील संग्रहालयांत पोचले. त्यांपैकी एका हिरवट द्रव्यास अमेरिकन खनिजशास्त्रज्ञ शेपर्ड ह्यांनी १८६५ मध्ये सह्याद्रीवरून 'सायहेड्राइट' असे नाव दिले. ते अशुद्ध स्टिल्बाइट ठरले. शेपर्ड ह्यांना नवी नावे देण्याची काहीशी अनावर हौस होती व त्यांनी दिलेली कितीतरी नावे अल्पायुषी ठरली. म्हणून सायहेड्राइटच्या लोपाबद्दल फारसे हळहळण्याचे कारण नाही. पूनालाइटची गोष्ट तशी नाही.

१९०९ मध्ये बोमन ह्यांनी ब्रिटिश खनिजशास्त्रीय नियतकालिकातील आपल्या लेखात पूनालाइट म्हणजे मेसोलाइटच होय असे दाखवून दिले. तोपर्यंत ध्रुवित प्रकाशातील सूक्ष्मदर्शक हे खनिजशास्त्राचे नित्याचे साधन झाले होते. ह्या साधनापुढे तिन्ही भावंडे सहज वेगळी पडतात. स्कोलेसाइटच्या सुईतील प्रकाशाचे विलोपन लांबीशी तिरपे होते. नॅट्रोलाइटचे सरळ होते. मेसोलाइटचे द्विअपवर्तन तर इतके क्षीण असते की, सुई जवळजवळ काळीच दिसते. कोनमापकास जो भेद अर्ध्या अंशात शोधावा लागत होता तो येथे नुसत्या डोळ्यांस दिसतो.

हा निर्णय ब्रुक ह्यांच्या विरुद्ध गेला असे सामान्यत: मानले जाते. परंतु तो नीट वाचला तर अर्धा त्यांच्या बाजूचा आहे. पुण्याचे हे खनिज स्कोलेसाइट नव्हे, एवढे त्यातून निश्चित झाले. म्हणजे ज्या ग्रंथकारांनी त्यास स्कोलेसाइटमध्ये विलीन केले होते त्यांच्यापेक्षा, पुरावा दुबळा असूनही, ब्रुक अधिक सत्याजवळ होते. त्यांची चूक मेसोलाइटपासून ते वेगळे धरण्यात झाली, आणि मेसोलाइट हे नाव पंधरा वर्षांनी जुने असल्यामुळे अग्रक्रमाच्या नियमाने पुण्याचे नाव मागे पडले.

तथापि, ज्या मेसोलाइटमध्ये पूनालाइट विलीन झाले त्या मेसोलाइटचे स्वत:चे स्वतंत्र अस्तित्व त्या वेळीही निर्विवाद नव्हते. त्यावर खरा प्रकाश पडला तो क्ष-किरणांनी. पॉलिंग ह्यांनी १९३० मध्ये नॅट्रोलाइटच्या अणुरचनेची रूपरेषा मांडली; १९३३ मध्ये टेलर, मीक व जॅक्सन ह्यांनी तंतुमय झिओलाइटांच्या रचनेचा, आणि हे व बॅनिस्टर ह्यांनी मेसोलाइटचा अभ्यास प्रसिद्ध केला. सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम व ऑक्सिजन ह्यांचा सांगाडा तिहींमध्ये एकच आहे. त्या सांगाड्यातील पोकळ नळ्यांत एका ठिकाणी दोन सोडियम व पाण्याचे दोन रेणू असतात, तर दुसऱ्या ठिकाणी एक कॅल्शियम व पाण्याचे तीन रेणू असतात. बेरीज दोन्हीकडे चारच. घर तेच, बिऱ्हाडकरू तेवढे निराळे. मेसोलाइटमध्ये नॅट्रोलाइटसारख्या एका थरानंतर स्कोलेसाइटसारखे दोन थर, असा क्रम नियमाने चालतो, आणि त्यामुळे एकक-कोशिकेची एक बाजू तिप्पट लांब, सुमारे ५७ अँगस्ट्रॉम, होते. मेसोलाइट ही मिसळ असल्याची शंका घेणारे सर्वस्वी चुकले नव्हते. थर खरोखरच दोन प्रकारचे आहेत. पण ही मिसळ अणूंच्या पातळीवर इतकी शिस्तबद्ध आहे की, तिला स्वतंत्र जातीचा मान नाकारता येत नाही.

आंतरराष्ट्रीय खनिजविज्ञान संघाची स्थापना १९५८ मध्ये झाली, आणि पुढील वर्षी नव्या खनिजांची व नावांची छाननी करणारा आयोग अस्तित्वात आला. नवे नाव सुचविणाऱ्याने रासायनिक घटना व स्फटिकरचनेची माहिती देणे आणि मूळ नमुना मान्य संग्रहालयात ठेवणे त्यामुळे आवश्यक झाले. ह्या आयोगाच्या झिओलाइट उपसमितीने १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सांगाड्याच्या रचनेस प्राधान्य दिले. केवळ ह्या निकषाने पाहिल्यास नॅट्रोलाइट, स्कोलेसाइट व मेसोलाइट ही एकच ठरली असती. पण समितीने तिन्ही नावे कायम ठेवली, कारण त्यांतील धन-अणूंची व पाण्याची मांडणी सुनिश्चित व परस्परांहून भिन्न आहे. दुसरीकडे स्टिल्बाइट व हॉयलंडाइट ह्यांच्या नावापुढे प्रमुख धन-अणूचे चिन्ह जोडण्याची प्रथा ह्याच अहवालाने घातली. हॉयलंडाइट व क्लिनोप्टिलोलाइट ह्यांचा सांगाडा एकच असूनही सिलिकॉन व अ‍ॅल्युमिनियम ह्यांचे गुणोत्तर चार ह्या आकड्यापाशी तोडून ती दोन मानली गेली. निसर्गात ती सीमा नाही. ती सोयीसाठी आखलेली आहे, आणि अहवाल लिहिणाऱ्यांनाही ह्याची जाणीव होती.

ह्या नव्या नियमव्यवस्थेखाली पुण्याच्या वाट्यास आलेला प्रसंग निराळ्याच प्रकारचा आहे. कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिकेट ह्या घटकनामांच्या आद्याक्षरांवरून बनविलेले 'कॅव्हन्साइट' हे नाव १९७३ मध्ये अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात सापडलेल्या निळ्या खनिजास देण्यात आले. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस पुण्याजवळील वाघोलीच्या खाणींतून ह्याच खनिजाचे असे गडद निळे, मोठे व सुबक स्फटिकपुंज निघाले की, जगातील संग्रहालयांत कॅव्हन्साइट म्हणून जे मांडलेले असते ते बहुतांशी वाघोलीचेच असते. नाव मात्र ओरेगॉनमध्ये ठरले होते, आणि मूळ नमुन्याचे स्थळ म्हणून नोंदही तेथीलच आहे.