गोड्या पाण्याच्या मत्स्यालयातील जलवनस्पतींची निवड

घरगुती मत्स्यालयात माशांबरोबर जिवंत वनस्पती वाढविण्याची पद्धत मत्स्यपालनाच्या छंदाइतकीच जुनी आहे. या वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषणाद्वारे पाण्यात ऑक्सिजन सोडतात, माशांच्या विष्ठेतून निर्माण होणारी अमोनियासारखी नत्रयुक्त द्रव्ये शोषून घेतात, पिलांना व भित्र्या माशांना आडोसा देतात आणि शैवालाची वाढ आटोक्यात ठेवण्यास मदत करतात. मात्र दुकानात काचेच्या पेटीत हिरवीगार दिसणारी प्रत्येक वनस्पती घरच्या मत्स्यालयात जगतेच असे नाही. उपलब्ध प्रकाश, पाण्याचे तापमान, पाण्याचा दुष्फेनपणा, तळाचे माध्यम आणि पाळलेले मासे या पाच गोष्टींवर निवड अवलंबून असते. याखेरीज मत्स्यालयातून बाहेर पडलेल्या वनस्पतीचा परिसरातील जलाशयांवर होणारा परिणाम हाही निवडीच्या वेळीच विचारात घ्यावा लागतो.

पूर्वेतिहास

इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या भांड्यात त्यांनी दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया स्पायरॅलिस या वनस्पतीचे एक रोप ठेवले. काही काळाने कुजलेल्या पानांमुळे पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्यांनी त्यात गोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजका भाग खाल्ला, पाणी निवळले आणि पाणी न बदलताही मासे दीर्घकाळ जगले. प्राणी व वनस्पती यांच्यातील परस्परपूरक नाते एका भांड्यात दाखविणारा हा प्रयोग आधुनिक मत्स्यालयाचा पाया मानला जातो. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या मत्स्यालयावरील पुस्तकाने हा छंद घरोघरी नेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानचे छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी दगड, लाकूड आणि वनस्पती यांच्या मांडणीतून निसर्गदृश्य उभे करणारी शैली रूढ केली. आज दुकानांत दिसणाऱ्या छायाचित्रांवर या शैलीचा मोठा प्रभाव आहे. तथापि तशा मांडणीला तीव्र प्रकाश, कार्बन डायऑक्साइडचा कृत्रिम पुरवठा आणि नियमित छाटणी लागते. नवशिक्याने वॉरिंग्टन यांच्या साध्या भांड्यापासून सुरुवात करणे अधिक श्रेयस्कर.

खरी जलवनस्पती कशी ओळखावी

बाजारात मत्स्यालयासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही वनस्पती मुळात जमिनीवरच्या असतात. ‘लकी बांबू’ या नावाने ओळखली जाणारी ड्रसीना, स्पॅथिफायलम, सिंगोनियम, जांभळट पानांची हेमिग्राफिस आणि ‘माँडो ग्रास’ ही त्यांची नेहमीची उदाहरणे. पूर्णपणे पाण्याखाली ठेवल्यास त्या काही आठवडे, क्वचित काही महिने तग धरतात. नंतर त्यांची पाने व मुळे कुजू लागतात. कुजताना पाण्यातील ऑक्सिजन खर्च होतो, अमोनिया वाढतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात. मासे का मेले याचा उलगडा मालकाला होत नाही, कारण रोप बाहेरून अजून हिरवेच दिसत असते.

ओळखण्याची सोपी खूण अशी, की पाण्याखाली वाढणाऱ्या पानांवर मेणचट उपत्वचा जवळजवळ नसते. ती पातळ व मऊ असतात आणि पाण्याबाहेर काढताच लोंबतात. पाण्याबाहेर काढूनही जे रोप ताठ उभे राहते, ज्याची पाने जाड, चकचकीत किंवा पांढऱ्या पट्ट्यांची असतात, त्याविषयी शंका घ्यावी. या नियमाला अपवाद आहेत. अन्यूबियसची पाने जाड असतात, तरीही ती पाण्याखाली वर्षानुवर्षे जगते. म्हणून खूण आणि वनस्पतीचे नाव या दोन्हींची पडताळणी करावी. मनीप्लांटची मुळे पाण्यात आणि पाने हवेत ठेवल्यास ती पाण्यातील नायट्रेट उत्तम शोषून घेते. पूर्ण बुडविली की मात्र कुजते.

याच्या उलट एक गैरसमज असा, की दुकानातून आणल्यावर पाने गळू लागलेले रोप मेलेच. अनेक पाणथळ वनस्पती रोपवाटिकेत हवेत वाढविल्या जातात. पाण्याखाली गेल्यावर त्यांची जुनी पाने विरतात आणि नव्या घडणीची पाने येतात. क्रिप्टोकोरायनी या प्रजातीत तर हे इतके ठळकपणे घडते, की आठवडाभरात सगळे रोप नाहीसे झाल्यासारखे वाटते. मुळे शाबूत असल्यास ते उपटून टाकू नये. काही आठवड्यांत नवे अंकुर येतात.

प्रकाश आणि कार्बन डायऑक्साइड

हवेच्या तुलनेत पाण्यात कार्बन डायऑक्साइडचे विसरण सुमारे दहा हजार पटींनी मंद असते. त्यामुळे पाण्याखालील वनस्पतीची वाढ बहुधा प्रकाशाने नव्हे, तर या वायूच्या तुटवड्याने अडते. प्रकाश वाढविला पण कार्बन तेवढाच राहिला, तर वाढीव प्रकाशाचा फायदा वनस्पतीऐवजी शैवालाला होतो. काच हिरवी झाली की आणखी एक दिवा लावणे हा सर्रास केला जाणारा उपाय म्हणूनच उलटा पडतो. साध्या मत्स्यालयास दररोज सहा ते आठ तास मध्यम प्रकाश पुरेसा असतो. तो रोज ठरावीक वेळी मिळावा. खिडकीतून थेट येणारे ऊन टाळावे, कारण त्याने शैवाल वाढते आणि उन्हाळ्यात पाणी तापते.

रात्री वनस्पतीही माशांप्रमाणेच ऑक्सिजन वापरतात. दाट लावलेल्या मत्स्यालयात पहाटेच्या वेळी ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. ‘वनस्पती आहेत, मग हवेचा पंप कशाला’ हा युक्तिवाद म्हणून अपुरा आहे.

पाणी आणि तापमान

महाराष्ट्रात पाण्याचा प्रश्न प्रत्येक गावी वेगळा असतो. मुंबईला तलावांतून येणारे पाणी तुलनेने सुफेन असते. दख्खनच्या पठारावरील विंधनविहिरींचे पाणी बहुधा दुष्फेन व अल्कधर्मी असते. भांड्यावर पांढरा थर धरणाऱ्या अशा पाण्यात व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला आणि हॉर्नवर्ट उत्तम वाढतात, कारण कार्बन डायऑक्साइड संपल्यावर त्या पाण्यातील बायकार्बोनेटपासून कार्बन मिळवू शकतात. पाण्याचा सामू बदलण्यासाठी रसायने ओतण्यापेक्षा आपल्या पाण्याला मानवणारी वनस्पती निवडणे केव्हाही स्वस्त आणि माशांना सुखाचे. नळाच्या पाण्यातील क्लोरिन मात्र घालविणे आवश्यक असते.

बहुतेक पुस्तकी वर्णनांत २२ ते २६ अंश सेल्सिअस हे तापमान दिलेले असते. विदर्भ-मराठवाड्यातील एप्रिल-मे महिन्यांत घरातील पाणी सहज ३० अंशांच्या वर जाते. थंड पाण्याच्या शेवाळी जाती आणि युरोपीय मांडणीत शोभून दिसणारी अनेक नाजूक रोपे येथे टिकत नाहीत. व्हॅलिस्नेरिया, हॉर्नवर्ट, हायग्रोफिला आणि नीरब्राह्मी या मूळच्या उष्ण हवामानातही वाढणाऱ्या वनस्पती या कसोटीला उतरतात.

प्रमुख वनस्पती

व्हॅलिस्नेरिया. लांब फितीसारखी पाने असलेली ही वनस्पती भारतातील तळ्यांत व संथ ओढ्यांत आढळते. धावत्या खोडांनी ती स्वतःच पसरते, म्हणून मत्स्यालयाच्या मागच्या बाजूस लावावी. लावताना मुळे वाळूत आणि पाने जेथून फुटतात तो पांढरट भाग वर राहील याची काळजी घ्यावी. तो गाडला गेल्यास रोप सडते. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती परागणासाठी परिचित असते. नर फुले खोडापासून सुटून पृष्ठभागावर तरंगतात आणि लांब देठावर वर आलेल्या मादी फुलाशी जाऊन मिळतात.

हायड्रिला. शाळेच्या प्रयोगशाळेत उपड्या नरसाळ्याखाली ठेवून ऑक्सिजनचे बुडबुडे दाखविण्यासाठी वापरली जाणारी वनस्पती हीच. ती अत्यंत काटक व फुकट मिळणारी आहे. पण वाढ अनावर असते आणि तळ्यातून आणताना तिच्याबरोबर चतुरांची शिकारी पिल्ले व गोगलगायींची अंडी येतात.

हॉर्नवर्ट. सिरॅटोफायलम डेमर्सम या नावाची ही वनस्पती मुळे नसलेली असून पाण्यात तरंगत वाढते. नवे मत्स्यालय स्थिरावेपर्यंतच्या पहिल्या दोन महिन्यांत अमोनिया शोषण्यासाठी तिच्यासारखी दुसरी वनस्पती नाही. सुईसारखी पाने गळून गाळणी तुंबते, हा तिचा दोष.

अन्यूबियस आणि जावा फर्न. पहिली पश्चिम व मध्य आफ्रिकेतील, दुसरी आग्नेय आशियातील. दोन्ही सावकाश वाढतात व मंद प्रकाशात जगतात. त्यांचे मूलक्षोड वाळूत पुरायचे नसते. लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधायचे असते. पुरल्यामुळे मेलेली रोपे या दोन वनस्पतींत सर्वाधिक असावीत. जावा फर्नच्या पानांच्या मागील तपकिरी ठिपके हा रोग नसून बीजाणूंचे पुंजके असतात.

क्रिप्टोकोरायनी. श्रीलंकेतील क्रिप्टोकोरायनी वेंडटी ही जात व्यापारात सर्वत्र मिळते. स्पायरॅलिस व रेट्रोस्पायरॅलिस या जाती भारतातील ओढ्यांत व भातखाचरांत नैसर्गिकपणे वाढतात. एकदा लावल्यावर जागा बदललेली या प्रजातीला खपत नाही.

ॲमेझॉन स्वोर्ड. दक्षिण अमेरिकेतील एकायनोडोरस प्रजातीची ही मोठ्या पानांची वनस्पती मुळांतून भरपूर अन्न घेते. केवळ धुतलेल्या वाळूत ती पिवळी पडते. मुळांजवळ खताची गोळी द्यावी लागते. दोन फुटांपेक्षा लहान पेटीत ती लावू नये.

नीरब्राह्मी म्हणजे बकोपा मोनिएरी. आयुर्वेदात प्रसिद्ध असलेली ही वनस्पती पाणथळ जागी उगवते आणि पाण्याखालीही जगते. वाढ मंद, पण पाने सुबक. महाराष्ट्रात ‘ब्राह्मी’ या नावाने गोल पानांची सेंटेला एशियाटिकाही विकली जाते. ती ही नव्हे.

मासे आणि वनस्पती

गोल्डफिश व कोई मऊ पाने खातात आणि तळ उकरतात. त्यांच्यासाठी अन्यूबियस किंवा जावा फर्न निवडावी. फ्लॉवरहॉर्नसारखे मोठे सिक्लिड मासे रोपे उपटून टाकतात; त्यांच्या पेटीत तरंगत्या वनस्पतींखेरीज इतरांचा आग्रह धरू नये. गप्पी, मॉली, टेट्रा, रासबोरा, बार्बच्या लहान जाती आणि बेट्टा यांना दाट वनस्पती मानवतात. मॉलीला किंचित दुष्फेन पाणी आवडते, त्यामुळे तिची आणि व्हॅलिस्नेरियाची जोडी पठारावरील घरांत चांगली जमते.

नवी रोपे थेट माशांत सोडू नयेत. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी द्रावणात सुमारे दहा मिनिटे बुडवून, स्वच्छ धुऊन, शक्य असल्यास आठवडाभर वेगळ्या भांड्यात ठेवावीत. कोळंबी पाळलेली असल्यास ही प्रतीक्षा अनिवार्य समजावी, कारण रोपवाटिकेतील कीटकनाशकाचा अंशही तिला मारक ठरतो.

पसरणाऱ्या वनस्पती

मत्स्यालयातील वनस्पती बाहेर पडल्यावर काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या हायड्रिलाचेच आहे. १९५० च्या दशकात मत्स्यालय-व्यापारातून ती अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात गेली, कालव्यात टाकली गेली आणि पुढे तेथील नद्या व तलाव तिने व्यापले. खोडाच्या लहानशा तुकड्यापासूनही ती वाढते आणि तळाच्या चिखलातील तिचे कंद वर्षानुवर्षे जिवंत राहतात. भारतातील हायग्रोफिला पॉलिस्पर्मा हीही तेथे उपद्रवी तणांच्या यादीत आहे.

भारतात हीच गोष्ट उलट दिशेने घडली. शोभेची वनस्पती म्हणून आलेली दक्षिण अमेरिकेतील जलपर्णी आज पुण्याची मुळा-मुठा, पिंपरी-चिंचवडची पवना आणि कोल्हापूरची पंचगंगा या नद्यांत दरवर्षी काढावी लागते. केरळमधील कालव्यांत साल्व्हिनिया मोलेस्टा पसरली. कोळिकोड जिल्ह्यातील एका ओढ्यात २०२० साली गुलाबी फुलांचा गालिचा पाहण्यासाठी गर्दी लोटली होती. ती फुले कबोम्बा फर्काटा या मत्स्यालयातील परदेशी वनस्पतीची होती. युरोपीय संघाने जलपर्णी आणि कबोम्बा कॅरोलिनियाना यांचा समावेश २०१६ च्या आपल्या पहिल्या प्रतिबंधित यादीत केला. भारतातील दुकानांत कबोम्बा व जलपर्णी अजूनही मिळतात. जलपर्णी घरात ठेवण्याचे कोणतेही सबळ कारण दिसत नाही. तरंगती वनस्पती हवीच असेल, तर हॉर्नवर्ट पुरेशी आहे.

छाटलेले तुकडे नाल्यात, तळ्यात किंवा मोरीत टाकू नयेत. ते उन्हात पूर्ण वाळवून कुंडीतील खतात घालावेत. गणेशविसर्जनाच्या तळ्यात नको असलेले मासे व वनस्पती ‘सोडून देण्याची’ रीत काही ठिकाणी दिसते. ती माशांच्या दृष्टीनेही दयेची नाही.

निसर्गातून गोळा करणे

सह्याद्रीतील पठारांवर व ओढ्यांत सुंदर जलवनस्पती आहेत आणि छंदिष्टांना त्यांचा मोह पडतो. कासच्या पठारावरील वायतुरा म्हणजे अपोनोजेटॉन सातारेन्सिस ही त्यांतील एक. दोन फाट्यांच्या फुलोऱ्यामुळे तिला हे नाव पडले. ती केवळ पश्चिम घाटाच्या मर्यादित भागात आढळते, पावसाळ्यात वाढते आणि उरलेले वर्ष जमिनीतील कंदाच्या रूपात काढते. बारमाही पाणी असलेल्या पेटीत तिचे हे विश्रांतिचक्र मोडते. २०१२ पासून जागतिक वारसा स्थळाचा भाग असलेल्या कासमधून कोणतीही वनस्पती आणण्यास मनाई आहे. सिंधुदुर्ग परिसरातील क्रिप्टोकोरायनी कॉग्नाटा हीही अशीच अतिशय मर्यादित क्षेत्रातील जात आहे. अशा जाती रोपवाटिकेत ऊतिसंवर्धनाने वाढविलेल्या असतील तरच घ्याव्यात. ऊतिसंवर्धित रोपे बंद डबीत, जेलीसारख्या माध्यमात मिळतात. ती काहीशी महाग असली, तरी त्यांच्याबरोबर गोगलगायी, शैवाल किंवा कीटकनाशक येत नाही. लावण्यापूर्वी जेली कोमट पाण्याने पूर्ण धुवावी आणि गुच्छाचे लहान भाग करून चिमट्याने लावावेत.