राज्यघटनेची शपथ : शब्द, व्याप्ती आणि बंधन

पिंपरी - निवडणुका होतात, सरकारे बदलतात आणि दर वेळी नवे लोकप्रतिनिधी राज्यघटनेची शपथ घेतात. कार्यक्रम काही मिनिटांत आटोपतो. या शपथेने नेमके काय बांधले जाते आणि ती किती काळ टिकते, याची चर्चा मात्र क्वचितच होते.

तिसरी अनुसूची

राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्री, खासदार, आमदार आणि न्यायाधीश यांच्या शपथांचे नमुने आहेत. राष्ट्रपती व राज्यपालांची शपथ अनुक्रमे कलम ६० व १५९ मध्ये स्वतंत्रपणे दिली असून, घटनेचे जतन व संरक्षण करण्याचे वचन त्यांच्याकडून घेतले जाते. आमदार घटनेप्रती श्रद्धा व निष्ठा बाळगण्याचे वचन देतो. देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता राखण्याचा उल्लेख १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने आला. तेव्हापासून उमेदवारालाही शपथ घ्यावी लागते. ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन, असे दोन्ही पर्याय खुले आहेत.

महाराष्ट्रातील दोन प्रसंग

पुनर्रचनेनंतर अस्तित्वात आलेल्या पिंपरी, चिंचवड आणि भोसरी मतदारसंघांतून २००९ मध्ये अनुक्रमे अण्णा बनसोडे, लक्ष्मण जगताप आणि विलास लांडे प्रथम निवडून आले. त्याच विधानसभेच्या शपथविधीत ९ नोव्हेंबर २००९ रोजी अबू आझमी यांनी हिंदीतून शपथ घेतल्याने मनसेच्या आमदारांनी सभागृहातच त्यांना मारहाण केली. चौघा आमदारांना चार वर्षांसाठी निलंबित करण्यात आले. वास्तविक, शपथ अमुकच भाषेत घ्यावी, असे अनुसूची सांगत नाही.

दुसरा प्रसंग ३० डिसेंबर २०१९ चा. मंत्रिमंडळ विस्तारात काँग्रेसचे के. सी. पाडवी यांनी विहित मजकुराबाहेरची वाक्ये उच्चारली. तत्कालीन राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी नापसंती व्यक्त करून त्यांना पुन्हा शपथ घ्यायला लावली.

मोडली तर?

शपथ न घेता सभागृहात बसणाऱ्या किंवा मतदान करणाऱ्या आमदारास कलम १९३ नुसार दिवसाला पाचशे रुपये दंड आहे. शपथ घेऊन ती मोडणाऱ्यासाठी मात्र घटनेत स्वतंत्र शिक्षा नाही. शपथभंग ही आपोआप अपात्रता ठरत नाही; मंत्र्याबाबत काय करायचे ते नियुक्ती करणाऱ्यांनी ठरवावे, असा निर्वाळा केरळ उच्च न्यायालयाने आर. बालकृष्ण पिळ्ळै यांच्या प्रकरणात दिला. आमदाराबाबत अंतिम निवाडा मतदाराच्याच हाती राहतो.

सैनिकाची शपथ

शहराला लागून असलेल्या खडकीत बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आहे. लष्करातील जवानांची शपथ १९५० च्या लष्कर कायद्यातील कलम १७ नुसार होते. तीत घटनेप्रती निष्ठेचे वचन आधी येते. प्राण धोक्यात घालूनही वरिष्ठांच्या आज्ञा पाळण्याचे वचन त्यानंतर. आज्ञाभंगाची शिक्षा सांगणारे कलम ४१ ‘कायदेशीर’ आज्ञेविषयीच बोलते, हेही लक्षणीय आहे. सैनिकाची निष्ठा व्यक्तीशी वा सत्तेवरील पक्षाशी नसून घटनेशी आहे, असा याचा अर्थ होतो.

चाकण, भोसरीच्या कारखान्यांत सुरक्षेचे काम करणारे अनेक जण निवृत्त जवान आहेत. सेवामुक्तीनंतर आज्ञापालनाचे बंधन संपते. निष्ठेच्या वचनाला मात्र शब्दांत कोणतीही मुदत घातलेली नाही. मंत्र्यांची गोपनीयतेची शपथही पद जाताच संपते, असे तिच्या मजकुरात कोठे म्हटलेले नाही.

नागरिकाचे काय?

परदेशातून येऊन देशीयकरणाने नागरिकत्व मिळवणाऱ्यास १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार घटनानिष्ठेची शपथ घ्यावी लागते. जन्माने नागरिक असणारा ती कधीच घेत नाही. तरीही १९७६ मध्ये समाविष्ट झालेल्या कलम ५१ अ ने घटनेचे पालन हे प्रत्येक नागरिकाचे पहिले मूलभूत कर्तव्य ठरवले आहे.

राबवणारी माणसे वाईट निघाली तर उत्तम घटनाही वाईट ठरेल, असा इशारा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. शपथेमागे शिक्षेचा धाक फारसा नाही. म्हणूनच ती घेणाऱ्याची सचोटी आणि पाहणाऱ्याची जागरूकता, यांवरच तिचे मोल अवलंबून राहते.