ब्रिटनचा कौल आणि आयर्लंडची सीमा

ब्रिटनने युरोपीय संघ सोडावा काय, या २०१६ च्या वादात बसवर रंगविलेला आठवड्याला ३५ कोटी पौंडांचा आकडा सर्वतोमुखी झाला. ब्रिटनला मिळणारी सूट त्यातून वजाच केलेली नव्हती! माझे लक्ष मात्र आयर्लंडकडे जाते. सीमाभागात हयात गेलेल्याचे जाणारच. उत्तर आयर्लंड ब्रिटनचा, दक्षिणेचे प्रजासत्ताक संघाचे सभासद. ९ जून रोजी जॉन मेजर व टोनी ब्लेअर हे परस्परविरोधी पक्षांचे माजी पंतप्रधान डेरीला एकत्र गेले आणि शांतता धोक्यात येईल, असे त्यांनी बजावले. २३ जूनला ५१.९ टक्के मतदारांनी संघ सोडण्याचा कौल दिला. उत्तर आयर्लंडात ५५.८ टक्क्यांनी राहण्याचा दिला होता. पुढे वाटाघाटी अडल्या त्या याच सीमेपाशी.