मस्तकाघ्राण

तान्ह्या बाळाची टाळू हुंगण्याचा मोह कोणास होत नाहीं? आपल्या पूर्वजांनीं या मोहास विधीचें रूप दिलें. प्रवासाहून परतलेल्या पित्यानें पुत्राचें मस्तक धरून मंत्र म्हणावा व तें तीनदां हुंगावें, असें आश्वलायन गृह्यसूत्र सांगतें. आदिपर्वांत पुत्रास नाकारणाऱ्या दुष्यंतास शकुंतला याच रीतीची आठवण देते. अखेर आकाशवाणी झाल्यावर राजा मुलाचें मस्तक हुंगून त्यास पोटाशीं धरतो. म्हणजे हें हुंगणें केवळ लाड नव्हे, तर पितृत्वाची कबुलीच होय. परंतु त्याच सूत्रानें कन्येसाठीं कृति तेवढी ठेविली, मंत्र वगळला. लेकीचा सुगंध पित्यास वर्ज्य नव्हता. तिच्यासाठीं उच्चारावयाचे शब्द मात्र त्यास या सूत्रानें दिले नाहींत.